आईची पाठ आणि आखणीचे गणपती

३ जुलै, पेण
आईच्या मणक्याला चीर. कारखान्यात दोन फुटी गणपती उचलताना. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पुढचं हाड मोडलं तर अंथरूण.

७ जुलै
रोह्याची मावशी धीर द्यायला आली. खुबा मोडून मेलेल्या तीन बायकांच्या गोष्टी सांगितल्या, दोनदा चहा घेतला, जाताना पापड नेले. हा यांचा धीर!

१३ जुलै
शाळेच्या खोलीत ठिसूळ हाडांच्या बायकांसाठी ‘आधारगट’ भरवला. पाच बायका. मी तक्ता लावून कॅल्शियम समजावलं. एकीनं विचारलं, शिलाई मशीन मिळणार का? जिते गावाहून आलेल्या दोघी गाडीची वेळ झाली म्हणून मधेच उठल्या. बी.ए. होऊन यांच्यासाठी घसा कोरडा करायचा.

१९ जुलै
कारखान्यातल्या कुसुमकाकू आणि आणखी दोघी न विचारता गणपती घेऊन ओटीवर. डोळ्यांची आखणी आईच करते. एकाच हातचे डोळे हवेत, असा कारखान्याचा नियम. मी चिडले. आजारी माणसाकडे काम आणता?

काकू म्हणाली, “तू भाषन कर गो बाय. आमाला काम हाय.”

टेबलावर पाट, पाटावर मूर्ती, आईच्या नजरेसमोर. एक उचलते, एक फिरवते. आई ताठ बसून डोळे काढते. “शाडूची झालीस गो, जपून,” म्हणून तिला चिडवतात, तीही हसते. स्वार्थ आहे सगळा; सीझन तोंडावर आलाय. पण दुखण्याचं नाव तिनं दुपारभर काढलं नाही.

२६ जुलै
काकू स्वतः कमरेत वाकलेली. म्हटलं, पाठीचा एक्स-रे फोटो काढू या. म्हणाली, “फोटोत दिसलं तर मूर्ती कोन उचलंल?” अडाणीपणा.

३० जुलै
काकू दोन दिवस आली नाही. कुशीवरही वळता येत नाही म्हणे. बाकीच्या दोघी कारखान्यात अडकल्या. सकाळी पाहते तर आई उभी, दोन्ही हात पाटाखाली. ओरडले. तिनं हात काढले नाहीत.

“मग तू धर.”

मी उचलली, पाटासकट, छातीशी, गुडघ्यात बसून. घामानं हात निसटत होते. तीन वर्षं कॉलेजात काय उचललं मी? सात मूर्ती झाल्या.

उद्या तुला नि काकूला दवाखान्यात नेते, म्हटलं. आई ब्रश धूत होती. “आधी उरलेले डोळे होऊ देत.”

काकूकडे निरोप पाठवलाय. अजून काही मूर्ती उरल्यात; उद्या पहाटे पाट मीच धरणार.