अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

शेलूबाजार,
१२ ऑगस्ट १९७४

प्रिय वच्छला,

परवा सकाळी बुद्धवंदना म्हणताना पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी अडलो. खोटं बोलणार नाही, एवढंच म्हणायचं असतं, शब्द निघेना. तुझी आई म्हणाली, "बरं वाटून नाही राह्यलं काय?" मी उठून अंगणात जाऊन बसलो. आदल्या दिवशीच तुझी बहीण बेबी तुमच्याकडून परतली होती. तुला मेडशीच्या बालवाडीत शिकवायला बोलावलं, पण तुझ्या सासऱ्यांनी, दौलतरावांनी, अडवलं म्हणे: "तुह्या बापानंच तुले नकलाखोर म्हटलं. तू काय लेकरं शिकवशील?"

ती संख्या तू विसरली नसशील. सात वेळा एक. मी चौथीत असताना गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली होती. तिला तिनेच गुणलं की उत्तर एकापासून सातापर्यंत चढतं आणि तसंच पायरीपायरीने एकावर उतरतं, हे पाहून मी हरखून गेलो. गुरुजी म्हणाले, एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणीच भागत नाही. पुढे किती वर्षं मी रात्री शेत राखायला जागलीवर बसून एकेक मूळ संख्या तपासत गेलो. दोनशे एकोणचाळीस आली तेव्हा तोंडात 'तेरा त्रिक एकोणचाळीस' आलं, आणि शेवटचे दोन आकडे पाहूनच मी ती तेराच्या पाढ्यातली समजून खोडून टाकली. हजाराच्या वर जाईपर्यंत काही लागलं नाही. गुरुजी खरे, असं मनाशी पक्कं झालं.

म्हणून तू मॅट्रिक होऊन अकोल्याच्या कॉलेजचा हट्ट धरलास तेव्हा मी अट घातली: ही संख्या फोडून दाखव, मग जा. मेडशीचं स्थळ जवळपास ठरलं होतं आणि तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. तू नऊ दिवस कोळशाने चुलीमागची भिंत भरून टाकलीस. दहाव्या दिवशी मेडशीचे पाहुणे बसलेले असताना कागद आणून दिलास: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मी नुसती नजर टाकली. "हे तुहं नाही. कोणाची तरी नक्कल मारली, अन् तेही चुकीची." पाहुणे हसले.

तीन वर्षं झाली, मी आलो की तू पाण्याचा तांब्या ठेवून आत जातेस. बाबांना गणित कळलं नाही, असं तुला वाटत असेल. मी तसंच वाटू दिलं.

वच्छला, त्याच दुपारी पाहुणे जेवत असताना मी गोठ्यात जाऊन गुणाकार केला. सातही एक उभे राहिले. तीनदा केला. मग बाहेर आलो आणि लग्नाची तारीख बोललो.

काल मेडशीला आलो होतो. तू शेतात निंदायला गेली होतीस. बरंच झालं, तुझ्यापुढे जीभ वळली नसती. ओट्यावर जावई, दौलतराव आणि शेजारचे चार जण होते. तुझा कागद मी जपून ठेवला आहे. तो मांडून सगळ्यांदेखत गुणाकार केला आणि म्हणालो, "पोरगी खरी होती. खोटा मी." दौलतरावांनी कागद उचलून जवळ घेतला. मग म्हणाले, "इवाईबुवा, तीन वर्षांनं सांगून राह्यले?" बालवाडीला त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण तुला नकलाखोर म्हणायला त्यांच्या हाती माझा शब्द होता. तो मी काल परत घेतला.

तुझाच,
बाबा