मुलींच्या सुट्टीसाठी ठेवलेले घर

आलापल्लीच्या मैदानावर दोरीबाहेर उभे राहून घसा फोडणाऱ्या माझ्या माणसांनो, आपले एक दुखणे सारखे आहे. कबड्डीचा सामना आपल्या मुली जिंकतात, आणि ढाल धरून फोटोत अशी माणसे उभी राहतात ज्यांना एकाही मुलीचे नाव माहीत नसते. त्यांच्यावर आपण मनसोक्त तोंडसुख घेतो. आज मी तुम्हालाही सुनावणार आहे, आणि या वेळी मला मध्येच खाली बसवणे कोणाला जमणार नाही.

मी, कांता श्रावण दुर्गे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार आलापल्ली, तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आणणारे येऊन गेले. त्यांना चहा पाजून परत पाठवले. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी शेजारीण आणि जुनी मैत्रीण शकिला शेख, निवृत्त परिचारिका, हिला मी व्यवस्थापक नेमते. माझ्या मरणानंतर पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमतील, त्या दिवशी हे पत्र मैदानावर मोठ्याने वाचावे.

पहिले, पुस्तके. चारही कपाटे गावच्या वाचनालयाला द्यावीत. अट एकच: कपाटांना कुलूप लावायचे नाही. ज्यांनी माझी पुस्तके नेऊन परत दिली नाहीत, त्यांना ती माफ आहेत, वाचली असतील तर.

दुसरे, सागवानी पलंग. माझे पती लाकूड डेपोत कारकून होते. त्यांनी हौसेने तो करून घेतला, पण दिवसाउजेडी त्यावर कधी आडवे झाले नाहीत. दीक्षाभूमीला आम्ही दरवर्षी गेलो; ते आमचे बळ होते. पण नुसते बसायला, काही न करायला, आम्ही जन्मात कुठे गेलो नाही. तशी परवानगी आम्हीच आम्हाला दिली नाही. हा पलंग संघप्रियाला द्यावा. ती आपल्या संघात कोपरा सांभाळते आणि चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरते. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: सामना रंगला की माइकवरून 'या चढाईवर अमुक भाऊंकडून बक्षीस' असे पुकारतात. नोट चढाई करणारीला मिळते. घोटा धरणारीच्या नावाने आजवर कोणी खिशात हात घातलेला मी पाहिला नाही.

तिसरे, पोस्टातली शिल्लक. अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ती माझा भाचा राजदीप रामटेके याची मुलगी खुशबू हिच्या शिक्षणाला द्यावी. ती कबड्डी खेळो वा न खेळो.

चौथे, घर. इथे जरा थांबून ऐका.

आपल्या संघातल्या बारा मुली हौशी खेळाडू आहेत. हौशी म्हणजे पगार नसलेल्या. थकवा नसलेल्या, असा अर्थ कोणत्याही कोशात नाही. मे महिन्यात त्या तेंदूपाने तोडतात, पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जातात, हिवाळ्यात आपल्यासाठी खेळतात. त्यांनी कधी विसावायचे, हा प्रश्न मी आपल्या कबड्डी मंडळाच्या सभेत विचारला. एकजण म्हणाला, खेळ हीच त्यांची सुट्टी. मी त्याला विचारले, तुझ्या दुकानात बसणे ही तुझी सुट्टी आहे का? लोक हसले, आणि मुलींच्या सुट्टीसाठी वर्गणी जमली. तुम्हीच दिली. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक.

मग काय झाले? मुली बल्लारशाहून गाडी धरून विशाखापट्टणमला समुद्र पाहायला निघाल्या. मंडळाचा सचिव राजदीप, आणि त्याच्यासोबत तुमच्यातले आठ-दहा जण, 'आमचीही वर्गणी आहे' म्हणून त्याच डब्यात चढले. तिथे वाळूवर दुसरा एक संघ सराव करताना दिसला. तुम्हाला राहवले नाही. पायाने रेघा ओढल्या, दोरी बांधली, बक्षिसे पुकारली. सुट्टीचे दोन्ही दिवस मुली खेळल्या. संघप्रियाचा पाय वाळूत मुरगळला आणि त्या वर्षी तिचा रोवण्याचा हंगाम गेला.

मुली परत आल्यावर मी कर्णधार हर्षाला विचारले, समुद्र कसा होता? ती म्हणाली, "दिसला नं बाई. चढाई करून परत येताना डाव्या हाताले दिसत होता."

मी राजदीपला बोलावून घेतले. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, पैसे आपण देल्ले नं? मंग दोन सामने खेळल्या तं काय बिघडलं?"

"पैसे देल्ले," मी म्हटले, "पोरी विकत नाई घेतल्या."

तो आजतागायत रुसला आहे. रुसू दे. तो वाईट माणूस नाही; हर्षाला ताप आला तेव्हा तिला दवाखान्यात त्यानेच नेले. पण देणारा आणि मालक यांतला फरक त्याला कळत नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांनाही कळत नाही. काहीजण तर आता म्हणतात की सुट्टीला पैसे देणेच चूक होती. चूक देण्यात नव्हती. चाहत्यांनी खेळाडूंच्या सुट्टीला पैसे द्यावेतच, हे मी मरतानाही म्हणते. द्यावेत आणि घरी बसावे.

म्हणून माझे दोन खोल्यांचे घर, अंगण आणि रस्त्याकडचा दुकानगाळा मी मुलींच्या संघाला देते. गाळ्याच्या भाड्यातून सुट्टीचा अर्धा खर्च निघेल. उरलेला अर्धा दरवर्षी तुम्ही द्यायचा आहे. कुठे जायचे ते मुली ठरवतील. कोणी सोबत जाणार नाही. फोटो मागणार नाही. परत आल्यावर 'मग, सराव झाला का?' असे विचारणार नाही. त्यांना कुठेही न जाता घरी झोपायचे असेल, तर तीही सुट्टीच.

पाचवे. हे पत्र वाचले जाईल त्याच दिवशी तुमचा पहिल्या वर्षाचा वाटा जमला नाही, तर हे घर राजदीपचे होईल. आत्याच्या घरावर भाच्याचा डोळा असणे मी गुन्हा मानत नाही. त्याच्या दारावरून तुम्हाला रोज मैदानावर जावे लागेल, आणि मुली तिथे थकलेल्या उभ्या असतील. तुम्ही मला हरवू शकता. ती संधी तुम्हाला मुद्दाम देते आहे.

वर्गणी शकिलाच घेईल. माइक हर्षाकडे राहील, आणि देणाऱ्याचे नाव त्यावरून पुकारले जाणार नाही.

आता वाचन संपते आहे. माझ्यासाठी हार आणले असतील तर ते खाली ठेवा. शकिला मैदानाच्या मधल्या रेघेवर पेटी घेऊन उभी आहे. दोरी ओलांडा, पेटीत पैसे टाका आणि काहीही न बोलता घरी जा.

सही: कांता श्रावण दुर्गे

आमच्या समक्ष सही झाली. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही.
साक्षीदार १: मोहसीन पठाण, शिंपी, संघाचे गणवेश शिवणारे
साक्षीदार २: मंगरू आत्राम, मैदान आखणारे

ठिकाण: आलापल्ली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४