अडीच सुताचे आठ बोल्ट

२ मे २००९

नाही बसला! दोन फेरे गेला आणि अडकला. मी पान्यावर सगळा भार टाकणार, तेवढ्यात गॅरेजच्या दारातून स्तूरे ओरडला — "थांब! जोर लावू नकोस, आटे जातील! मिलिमीटरचा बोल्ट आहे तो. तुझ्या गाडीला इंची लागतात, अडीच सुताचे!"

त्याच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत. डॉक्टरांनी पायरी उतरायची नाही म्हणून बजावलंय. तरी कुबड्या टेकत आला! मी पडले असते तर नवरा एवढ्या लगबगीने आला नसता. आटे जातील म्हणून आला.

वर म्हणतो, "उगाच खटाटोप कशाला? ते बोल्ट आता कुठे मिळतात? तूच फेकलेस ना."

फेकलेस! नऊ वर्षं हेच ऐकतेय.

३ मे

गाडी माझी आहे. इथे तरी लिहून ठेवते. १९६९ साली, नर्स म्हणून मिळालेल्या पहिल्या पगारांतून घेतलेली फिकट निळी व्होल्वो अमेझॉन. तेव्हा स्तूरेची ओळखही नव्हती. नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, "एक गॅस्केट बदलतो, आठवड्याचं काम" म्हणत त्याने इंजिन बाहेर काढलं. सुटे बोल्ट त्याच्या तंबाखूच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डबीवर चिठ्ठी. गॅस्केट बदललं. इंजिन परत चढवायची वेळ आली आणि एक डबी सापडेना — इंजिन गाडीत ज्या पायांवर बसतं, त्या पायांचे आठ बोल्ट! आदल्याच आठवड्यात मी गॅरेज झाडलं होतं. झालं. खापर माझ्या डोक्यावर.

मी कचरा डेपोवर गेले होते. रबरी हातमोजे घालून दोन तास ढीग उपसला. माफी मागितली. एकदा नाही, कितीदा तरी. आणि हा? एरवी याच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कुणाकडे कॉफीला गेलो की हे मात्र रंगवून सांगायचं: "गुड्रूनने सफाई केली आणि इंजिनाचे पायच झाडून टाकले!" सगळे हसायचे. मीही हसायचे. मूर्ख बाई.

तेव्हापासून गॅरेजची किल्ली कायम याच्या कंबरेला. इस्पितळात त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हाती दिले तेव्हा ती त्यात होती. आता देणार नाही.

४ मे

हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "इंची? असं काही असतं?" टीव्हीच्या पडद्याला असतं की, म्हटलं. तिला वाटलं मी टीव्ही घ्यायला आलेय.

५ मे

जूनमध्ये, मिडसमरच्या सणाला, ओलंड बेटावर माझ्या बहिणीकडे, माय-लिसकडे जायचं. स्वतः चालवत, पूल ओलांडून, एकटीने. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत दर वर्षी जायचे. त्यानंतर हा मला त्याच्या गाडीतून पोहोचवतो, तिच्या अंगणात गाडीतच बसून राहतो आणि दोन तासांनी हॉर्न वाजवतो. दोन तास! बटाटेसुद्धा नीट उकडून होत नाहीत. "ही अख्खा उन्हाळा इथे राहायची ना गं?" माय-लिस दर वेळी शेजारणीला म्हणते. माझ्यादेखत! मी जणू कुणी दुसरीच.

आज जेवताना स्तूरेला म्हटलं, जुन्या सुट्या भागांचा तो हेलगे आहे ना पलीकडच्या गावात, त्याच्याकडे जाऊन येते. याच्या हातातला काटा थांबला.

"हेलगेकडे नको जाऊस."

"का?"

"लुटारू आहे."

चाळीस वर्षं दोघं बरोबर शिकारीला जातात! लुटारू!

६ मे

गेले.

हेलगेचं कोठार म्हणजे लोखंडाचं जंगल. पण त्याला प्रत्येक खिळ्याचा पत्ता माहीत. मी नमुना म्हणून एक नट नेला होता. त्याने करवतीसारखे दात असलेली छोटी पट्टी आट्यांवर टेकवली, उजेडाकडे धरली आणि मान हलवली. "हाच तो. गुड्रून, हे तर ढिगाने आहेत माझ्याकडे. पोस्टाने मागवलेस तर दोन दिवसांत दारात."

मी म्हटलं, स्तूरे तर सांगतो मिळतच नाहीत.

"कोण, स्तूरे?" तो हसायला लागला. "अगं, त्याने नेले की! तेव्हा माझ्याकडे एकच संच होता, तो पूर्ण. आठच्या आठ, वॉशरसकट. माझी कुत्री गेली त्याच दिवशी. तिला पुरायला खड्डाही त्यानेच खणून दिला. दोन हजार सालचा जून. म्हणून पक्कं लक्षात आहे."

दोन हजार सालचा जून! तेव्हा मी डेपोवर कचरा उपसत होते.

हेलगेने नवे आठ बांधून दिले. परत येताना वाटेत स्तूरेची गाडी कडेला थांबवली.  रडले नाही. इतका राग आला होता की रडता येईना.

८ मे

त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

१० मे

दोन दिवस झाले, त्याच्या लक्षातच आलेलं नाही. या घरात अबोला धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

११ मे

आज हेरिंग मासे आणि बटाटे वाढले आणि त्याच्या ताटाशेजारी आठ बोल्ट ओळीने मांडले. सुरी-काट्याच्या जागी.

त्याने पाहिले.  चष्मा काढला.

मी म्हटलं, "हेलगेच्या कुत्रीचा खड्डा किती खोल खणला होतास?"

"जुने बोल्ट आहेत अजून," तो म्हणाला. "फेकले नव्हतेस तू. माळ्यावर आहेत, माझ्या स्कीच्या पिशवीत. नवेही तिथेच आहेत."

"का?"

 मी टेबलावर मूठ आपटली. दोन बोल्ट खाली पडले. वाकता येत नसून तो उचलायला वाकू लागला! मी ओरडले, "बस खाली! का ते सांग!"

तेव्हा बोलला. खिडकीकडे बघत. "तू माय-लिसला फोन केला होतास. वरची खोली रिकामी कर म्हणालीस. मी जिन्यात होतो."

१२ मे

आता लिहायलाच हवं. आजवर या वहीतही लिहिलं नव्हतं.

खरं आहे. त्या वसंतात मी जाणार होते. कायमची. कुणी दुसरा नव्हता. हा मारत नव्हता, पीत नव्हता. लाकडाच्या गिरणीतून यायचा, ओंडक्यासारखा बसायचा. मी दिवसभर माणसांच्या मरणाजवळ उभी राहून घरी यायचे आणि कुणी विचारत नव्हतं की आज काय झालं. एकोणतीस वर्षं! गुरुवारी निघायचं ठरलं होतं. सोमवारी त्याने इंजिन उतरवलं.

काल रात्रभर डोक्यात तेच. सकाळी त्याला म्हटलं, "मला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, जाते म्हणून."

 माणूस बायकोला थांब म्हणू शकत नाही, पण अख्खं इंजिन सोडवून ठेवू शकतो! आठ बोल्टांत मला बांधून ठेवलं, आणि वर चारचौघांत माझंच हसं केलं. बांधलं, ते एक वेळ सोडून देईन. ते हसं नाही सोडणार.

१३ मे

बस होती की. रोज सव्वासातला, चर्चसमोरून. नऊ वर्षं बस होती. मी का नाही गेले? हा प्रश्न मला कोण विचारणार? मीच. आणि उत्तर द्यायचं नाहीये मला.

२३ मे

हेलगे इंजिन उचलायची साखळी-कप्पी घेऊन आला. इंजिन हवेत लोंबकळत होतं, मी गाडीखाली पाठीवर. डाव्या बाजूचे चार हेलगेचे बोल्ट हाताने फिरवले. पान्याशिवाय आत गेले, लोण्यात सुरी जावी तसे! उजवीकडे मात्र दोन आखूड पडले. पकडेनात. "इथे लांब लागतात, माझ्याकडचे लांब संपलेत," हेलगे म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता सिगरेट पेटवली.

शेवटी माळ्यावर चढले. स्कीच्या पिशवीतून डबी काढली. आत बोल्ट तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले. गंजाचा ठिपका नाही. म्हणजे हा दर वर्षी माळ्यावर जाऊन तेल लावत होता! हे पाहून आणखीच संतापले. दोन घेतले. फक्त दोन.

स्तूरे दारात स्टुलावर बसला होता. दिवसभर बसला. एकदाच बोलला: "स्प्रिंग वॉशर आधी घाल." मी आधीच घातला होता.

१३ जून

सुरू झाली!!! तिसऱ्या झटक्यात. गावातून दोन फेऱ्या मारल्या. चर्चजवळ कुणीतरी विचारलं, "बोल्ट सापडले का गं, गुड्रून?" मी काच खाली करून म्हटलं, "माझ्याकडून हरवलेच नव्हते. स्तूरेला विचारा!"

विचारतील. विचारू देत.

१८ जून

उद्या निघायचं. स्तूरेला एवढंच सांगितलं — ओलंडला जातेय. कधी परत येणार, हे मुद्दाम सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळी तो काठी टेकत वर गेला आणि खूप वेळ कपाटाशी खुडबुड करत होता. मी वर गेले नाही.

१९ जून, ओलंड

सकाळी मी टायरची हवा बघत असताना त्याने माझी बॅग आणून मागच्या सीटवर ठेवली. त्याने स्वतः भरलेली. पूल ओलांडताना मी मोठमोठ्याने गात होते.

आता माय-लिसकडे बॅग उघडली. रक्तदाबाच्या गोळ्या, सहा महिन्यांच्या. बँकेचं माझं पुस्तक. लोकरीचे मोजे. आणि सगळ्यात खाली, नीट घडी घालून, हिवाळ्याचा कोट. जूनमध्ये!

मी सोमवारी परत जाणार होते.

खाली येऊन घरी फोन लावलाय. रिंग जातेय. काठी घेऊन फोनपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. मी ठेवत नाही.