उजव्या पंजाचा ठसा

रविवार, ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भोपळ्याला माझ्या गळ्यात बांधून तू नोकरीच्या गावी गेलीस, त्याला दोन महिने झाले. शनिवार-रविवार त्याचे, आणि पुरावा म्हणून पत्राखाली त्याच्या उजव्या पंजाचा ठसा, ही तुझी अट. कुत्रा तुझा आणि जामीन मी!

काल-आज मैदानावर गेलो. चेंडूमागे असा धावला की माझाच जीव मेटाकुटीला आला. बाकी, परवा आमच्या सायकलच्या दुकानात त्याच्या उजव्या पंजात काच घुसली. समोरच्या औषधांच्या दुकानातून पट्टी आणली. तिथल्या मुलीने ती कशी बांधायची ते दोनदा समजावलं. पहिल्यांदा कळलं नाही असं मीच म्हणालो. ताई, ती समजावताना भुवई अशी उचलते ना... जाऊ दे. पट्टी पार गुडघ्यापर्यंत आहे, आठवडाभर सोडायची नाही.

बाबांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला. मी ताटावरून उठलो.

लोभ आहेच, तो रागाच्या भरात आटवू नये.

तुझा,
भडक्या


गुरुवार, ता. १३

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

पट्टी गुडघ्यापर्यंत, आणि ठशात चारही बोटं लख्ख! पायात काच घुसलेला कुत्रा चेंडूमागे धावतो! गाढवा, एका बैठकीत किती कागदांवर ठसे उमटवून ठेवलेस?

आई लिहिते की दर रविवारी तू त्या औषधांच्या दुकानासमोर खांबासारखा उभा असतोस, आणि भोपळ्या घरी दाराकडे तोंड करून बसलेला. प्रेमात खुशाल पड, पण त्याचे दिवस चोरू नकोस. माझ्या घरमालकीणबाई कुत्र्याला हो म्हणाल्यात. बावीसला, शनिवारी, येऊन त्याला घेऊन जाते. थयथयाट करायचा नाही.

रागावले तरी तुझीच,
ताई


रविवार, ता. १६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थयथयाट केला. तीन पत्रं लिहून फाडली. आता खरं सांगतो: बारा कागद, एकाच दुपारी.

काल सकाळी त्याला बाहेर काढलं. जिन्याच्या दर दोन पायऱ्यांनी थांबून स्वारी मागे बघे, मी खरंच येतोय ना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय दुखरा, म्हणून बागेच्या बाकापर्यंतच गेलो. कॉलेज का सोडलं ते सगळं त्याला सांगितलं. त्याने जांभई दिली. बाबांपेक्षा बरं.

आज दुपारी आमच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. भोपळ्या माझ्या पावलावर मान टाकून घोरत होता. तेवढ्यात समोरून तिने, स्वतःहून, चहाला येतोस का अशी खूण केली. ताई, दोन महिने या खुणेसाठी मी उन्हात करपलोय! पण पाय काढला असता तर तो जागा झाला असता. मी मानेनेच नाही म्हणालो. ती खांदे उडवून आत गेली. पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण हललो नाही.

तुझा कुत्रा आहे, ने. फक्त झोपलेला असला तर उठेपर्यंत थांब.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.

भडक्या


बुधवार, ता. १९

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी येतेय, पण भोपळ्याला न्यायला नाही. त्याची मान माझ्या पावलावर ठेव, आणि तू समोर जाऊन चहा पिऊन ये. तासाभरात परत ये मात्र. तो वाट बघेल.

लोभ वाढलाय, सांभाळ.

ताई