सौ.च्या डब्यातलं रॉकेल

रविवार, ६ जानेवारी १९७४
मोटरसायकल आली. बी.एस.ए., १९४२ सालची, मिलिटरीच्या लिलावातली. चंदगडात एका लाकूडवाल्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं पडून होती. सौ.चा धाकटा भाऊ गुरुपाद तिकडे एस.टी.त कंट्रोलर आहे, त्यानेच दाखवली. ट्रकमध्ये चढवताना म्हणाला, 'दाजी, भंगार म्हणून घ्या, गाडी म्हणून घिऊ नगा.' त्याला यंत्रातलं काही कळत नाही.
बाहेरच्या खोलीत ठेवली. उचलायला तालमीतले चार पैलवान लागले. उंबऱ्याचा टवका उडाला. घरमालकीण धोंडुबाई मागच्या परड्यातून बघत होती. काही बोलली नाही. म्हणजे हरकत नसावी.
प्लॅन: पूर्ण रिस्टोअर करून गुढीपाडव्याला स्टार्ट. बरोबर अकरा आठवडे. मग चैत्री यात्रेला सौ.ला मागे बसवून जोतिबा. रोजनिशी त्यासाठीच सुरू केली. पुढे कोणी विचारलं तर तारीखवार सांगता येईल.

शनिवार, १२ जानेवारी
सकाळची शाळा. दुपारी इंजिन उतरवलं. मी मूळचा भूगोलाचा, पण यंदा आठवीचे विज्ञानाचे तासही माझ्याकडे आहेत. त्यामुळे यंत्राची भीती वाटत नाही. सुटे पार्ट पाटावर क्रमाने मांडले. जेवणाच्या वेळी सौ.ने पाट उचलला. क्रम गेला.
मॅन्युअल म्हणतं, पार्ट रॉकेलने स्वच्छ धुवावेत. घरात रॉकेल आहेच.

मंगळवार, १५ जानेवारी
संक्रांतीचा गोडवा एक दिवस टिकला. सौ.ने रॉकेलचा डबा हलवून बघितला. रॉकेल तळाशी. हल्ली टंचाई आहे, रेशनच्या दुकानापुढे ती पहाटे पाचला नंबर लावते. म्हणाली, 'लाइनीत मी हुबी ऱ्हातो आन लोखंड धुता तुम्ही. आता स्टोव्हात काय घालू? मॅन्युअल?'
नऊ वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. आज एवढंच मागितलं की डब्याला हात लावू नका. शब्द दिला.

रविवार, २७ जानेवारी
नवीन रॉकेल आलं. शब्द पाळला. डब्याला हात न लावता रबरी नळीने काढलं. सिलिंडर आरशासारखा चकचकीत झाला. अर्धं काम झाल्यासारखंच आहे.

सोमवार, २८ जानेवारी, सकाळी
डब्यातली पातळी फार खाली दिसते. सौ.च्या लक्षात येणार. गाडीसाठी पेट्रोलचा कॅन आणून ठेवला आहे. सौ. नळावर गेली तेवढ्यात त्यातलं तांब्याभर डब्यात ओतलं. शेवटी दोन्ही एकाच विहिरीतली भावंडं. पातळी पूर्ववत. कोणाचं नुकसान नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी
एक चांगलं निरीक्षण. स्टोव्ह हल्ली जोरात चालतो. चहा निम्म्या वेळात होतो. पेटताना 'भप्प' आवाज येतो आणि जाळ पिवळा होऊन वर जातो, पण मग बसतो. सौ.ला कारण माहीत नाही. ती म्हणते स्टोव्ह बिघडला, दुरुस्तीला टाका. तिच्या कपाळावरचे केस थोडे करपले आहेत. मी पिन मारून दिली.
पिस्टनच्या रिंगा उद्यमनगरात बसाप्पा टर्नरकडे टाकल्या.

रविवार, १७ फेब्रुवारी
बसाप्पाकडे गेलो. रिंगा पुसायला घरच्याच डब्यातलं थोडं बाटलीत नेलं होतं. त्याने बूच काढून हुंगलं. म्हणाला, 'सर, ह्यो वास निव्वळ रॉकेलचा न्हाय. ह्यात पेट्रोल हाय की. ह्ये चुकून घरच्या स्टोव्हात जाऊ देऊ नगा. पेटताना हातातच फुटंल. बाईमाणूस जळंल.'
मी त्याला समजावून सांगितलं. पेट्रोल हलकं असतं, झाकण उघडं ठेवलं की उडून जातं, खाली शुद्ध रॉकेल राहतं. बसाप्पा चौथी शिकलेला. त्याने हात पुसले आणि माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला आवडलं नाही.
तरी पुढच्या रविवारी सौ.ला सगळं सांगून टाकायचं. ठरलं.

रविवार, २४ फेब्रुवारी
आज सौ.चा मूड चांगला होता. तो कशाला घालवा. डब्याचं झाकण उघडं ठेवलं. तिने लावलं. मी परत काढलं. तिने परत लावलं.
डबा गटारात ओतून द्यावा असा विचार आला. पण मग रॉकेल कुठे गेलं ते सांगावं लागणार. त्यापेक्षा ते आहे तिथे बरं.
रात्री झोप लागली नाही. क्लचच्या विचाराने असेल.

रविवार, ३ मार्च
सौ.ला सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

रविवार, १० मार्च
प्रश्न आपोआप सुटला! काल रेशनचं रॉकेल मिळालं. सौ.ने जुन्यावरच ओतलं. म्हणजे पेट्रोलचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. मनावरचं ओझं उतरलं. त्या आनंदात गिअरबॉक्स उघडला. एक छोटी स्प्रिंग उडाली, ती सापडलेली नाही. इंग्रजांनी स्प्रिंगा गरजेपेक्षा जास्तच घातल्या आहेत.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळी
गिअरबॉक्स धुवायला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं. भरपाई केली. या वेळी कॅन जवळजवळ रिकामा झाला. ओतत असताना मान वर केली तर परड्याच्या दारात धोंडुबाई उभी. तोंडात मशेरी. विचारलं, 'मास्तर, काय वतताय?' मी म्हणालो, पाणी.
पाणी का म्हणालो, कळत नाही. ती थुंकून निघून गेली.

रविवार, २४ मार्च, पाडवा
गुढी उभारली. मोटरसायकलला हार घातला, नारळ फोडला. शाळेतले दोन सहकारी आणि तालमीची सगळी मंडळी बघायला आली. चाळीस किका मारल्या. इंजिन एकदा खोकलं. पोटरीत गोळा आला. मंडळी पेढा खाऊन गेली. ज्या गाडीने बत्तीस वर्षं काढली तिला आणखी दोन आठवडे देणं हेच शहाणपणाचं. नवी तारीख: ६ एप्रिल, थेट जोतिबाला.
आत पुरण शिजत असताना स्टोव्हचा जाळ आढ्याला लागला. भिंतीवर काळा पट्टा उठला आहे. सौ. आता स्टोव्ह दारात नेऊन पेटवते, हात लांब करून, तोंड फिरवून. पदर कमरेला घट्ट खोचते. म्हणाली, 'अवो, मला ह्येचं भ्या वाटाय लागलंय.' आज सांगायचंच होतं. पण सणाच्या दिवशी कशाला.

सोमवार, १ एप्रिल
वर्गात आठवीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाचं उत्तर वाचलं. 'पेट्रोल व रॉकेल एकमेकांत मिसळतात व वेगळे होत नाहीत.' पुस्तकात बघितलं. मुलाचं बरोबर आहे. पैकीच्या पैकी मार्क दिले.
घरी आलो तेव्हा सौ. स्टोव्हपाशीच बसली होती. मी चहा नको म्हणालो. तिला आश्चर्य वाटलं.

शुक्रवार, ५ एप्रिल
गाडी उद्या होणार नाही. दोष बसाप्पाच्या रिंगांचा. उद्या जोतिबाला एस.टी.नेच जाऊ.
पक्कं ठरवलं: उद्या बसमध्ये सौ.ला सांगायचं. भर बसमध्ये तिला ओरडता येणार नाही. परत आल्यावर डबा रिकामा करायचा. काटेकोर प्लॅन आहे. एका रात्रीचा तर प्रश्न.

शनिवार, ६ एप्रिल
पहाटे सौ. वाटेत खायला धपाटी करायला उठली. मी बाहेरच्या खोलीत, निघण्याआधी एक शेवटची किक मारून बघत होतो. आतून आवाज आला. 'भप्प' नव्हे. मोठा.
ती दारात आली. दोन्ही हात पेटलेले. तिने ते अंगापासून लांब धरले होते.
माझा पाय किकवरून हलला नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो. धोंडुबाई परड्यातून वाकळ घेऊन धावत आली, मला ढकलून आत गेली, तिनेच विझवलं.

रविवार, ७ एप्रिल
सरकारी दवाखाना. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. भुवया गेल्या. चेहरा आणि छाती वाचली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आताच सांगता येणार नाही. मी बाहेर येऊन रडलो.
स्टोव्ह आणि घरातली बाई म्हटल्यावर पोलीस येतातच. फौजदार आले. घरी जाऊन डबा हुंगला, रिकामा कॅन जप्त केला. धोंडुबाईने जबाब दिला: मास्तरला डब्यात वतताना मी सोता बघितलंय, इचारलं तर पाणी म्हणाला. पुढे हेही सांगितलं, की नऊ वर्षं मूलबाळ नाही, दुसरं लगीन डोक्यात असंल.
दुसरं लग्न! माझं पहिलं अजून नीट झालेलं नाही.
गुरुपाद चंदगडहून पहिल्या गाडीने आला. वॉर्डाबाहेर माझी कॉलर धरली. 'दाजी, पेट्रोल घालून माझ्या अक्काला पेटीवलासा?' लोक जमले. सोडवायला कोणी पुढे आलं नाही. आमच्या शाळेचे शिपाई होते, तेही नाही.

सोमवार, ८ एप्रिल
फौजदारांनी उद्या परत बोलावलं आहे. म्हणाले, तोवर पेठ सोडू नका. सगळी गल्ली दारात उभी राहून बघते. दूधवाल्याने दूध घातलं नाही.
एक उत्तम कल्पना सुचली. रोजनिशी! तारीखवार सगळं लिहिलेलं आहे. फौजदारांपुढे ठेवायची, माझा निरपराधपणा आपोआप सिद्ध. त्यासाठी पहिल्या पानापासून वाचायला बसलो.
'सौ. नळावर गेली तेवढ्यात.' 'सौ.ला कारण माहीत नाही.' 'बाईमाणूस जळंल.' 'एका रात्रीचा तर प्रश्न.'
रोजनिशी दाखवायची नाही. हे सगळं मीच केलं. चुकून नव्हे. रोज थोडं थोडं, माहीत असून केलं.

मंगळवार, ९ एप्रिल
सौ.चा जबाब झाला. फौजदार, गुरुपाद, धोंडुबाई आणि मी, सगळे कॉटभोवती. आधी मी सगळं सांगितलं, नळीपासून कॅनपर्यंत. पहिल्यांदाच काही पूर्ण सांगितलं. यात वाईट हेतू नव्हता यावर फौजदारांचा विश्वास बसला नाही. त्यांनी सौ.ला विचारलं, नवऱ्याने ठरवून घातपात केला असा संशय आहे का?
सौ.ने बँडेजकडे बघितलं आणि म्हणाली, 'सायेब, ठरवून? ह्यांनी? न्हाणीची कडी बसवतो म्हणून पाच वरसं झाली, मी बादली लावून आंगूळ करतो. कौलं ठरली, ऱ्हायली. पोरासाठी मिरजंला डॉक्टरला दावायचं ठरलं, ऱ्हायलं. ह्या माणसानं ठरीवलं आन झालं असं एक काम मी बघितलं न्हाय. ह्यांनी मला माराय ठरीवलं असतं, तर मी शंभर वरसं जगलो असतो.'
कोणी हसलं नाही. ती विनोद करतच नव्हती. मिरजेचं तर मी विसरूनच गेलो होतो.
गुरुपादने थोडा विचार केला आणि म्हणाला, 'ह्ये मातर खरं हाय.' धोंडुबाईने उंबऱ्याचा टवका आठवून मान डोलावली. तोही मी बुजवतो म्हणालो होतो.
एका मुद्द्यावर हरकत घेणार होतो. गिअरबॉक्स तरी पुरा जोडला आहे. पण सौ.च्या हातांकडे बघितलं आणि गप्प बसलो.
फौजदारांनी लिहून घेतलं: 'सदर इसम हा मनाशी ठरवलेले कोणतेही काम तडीस नेत नाही, असे जखमी पत्नी, मेहुणा व घरमालकीण यांनी एकमताने सांगितले. सबब घातपाताचा संशय उरत नाही.' बरी झाल्यावर सौ. भावाबरोबर चंदगडला जाणार, किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही.
मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. खरा आहे का विचारलं. खरा आहे म्हणालो, आणि खाली सही केली.