शुक्रवारची विनंती

विसरवाडी
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय एस्तेर,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि घरच्यांना सलाम. नाताळाला आली नाहीस त्याचा राग अजून गेलेला नाही. अंगणातले पेरू पोपटांनी संपवले. फोन करणार होते, पण फोनवर माझी जीभ सुटते. म्हणून कागद घेतला.

बायकांची शुक्रवारची उपास-प्रार्थना आता माझ्याकडे नाही. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून मीच चालवत होते, सतरंजीसुद्धा मीच झटकत होते. नवीन वर्षाच्या भक्तीत अजित पाळकांनी सांगून टाकलं, तरुणांना संधी देऊ या. मंगलाबाईने तर मला चर्चच्या पायरीवरच गाठलं. "सलोमीबाई, आते मयूरीनी पाळी शे. तुम्ही आराम करा." आराम कसला? मी काय आजारी आहे?

मयूरी म्हणजे खापरहून लग्न होऊन आलेली ती अंगणवाडी सेविका. ती प्रार्थना करायला लागली की बायका रडतात. आवाज गोड आहे, मान्य. पण बायबलात स्तोत्रांच्या आधी येणारं नहेम्याचं पुस्तक ती स्तोत्रांच्या पुढे शोधत बसते. मिशनच्या शाळेत आपण असं केलं असतं तर सिस्टरांनी तासभर उभं केलं असतं. हिला सगळ्या डोक्यावर घेतात.

सोमवारी नाक्यावर सुरतच्या बसमधून तिचा नवरा उतरताना दिसला. कोणाबरोबर, ते तुलाही लिहिणार नाही. मयूरीचा त्यात काही दोष नाही. पण बायकांना कळलं, तर "हिला स्वतःचं घर सांभाळता येत नाही" म्हणून तिला पुढून उठवतील, हे मला तिथेच, नाक्यावर उभ्या उभ्या कळलं.

आपली रीत तुला माहीत आहे. प्रार्थनेआधी प्रत्येकीने विनंती सांगायची. तेच बाहेर बोललं की चुगली, सतरंजीवर डोळे मिटून बोललं की विनंती. माझं वाक्य तयार होतं: बहिणींनो, मयूरीच्या संसारासाठी विशेष प्रार्थना करू या. बस, एवढंच. बाकीचं मंगलाबाईने संध्याकाळपर्यंत शोधून काढलं असतं. भाकरी थापताना, देवापुढे बसतानासुद्धा ते वाक्य मला गोड लागत होतं. बापा, हे माझ्या तोंडातून काढून घे, असं रोज मागितलं. त्याने काढून घेतलं नाही.

काल माझी पाळी आली. मयूरीने विचारलं, "मावशी, तुमची विनंती?"

मी मनात प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि 'आम्हांस परीक्षेत आणू नको' या ओळीवर अडकले. तीच ओळ पुन्हा, पुन्हा. सगळ्या वाट बघत होत्या. मंगलाबाई खोकली. शेवटी तोंडातून निघालं, "माझे गुडघे."

मयूरी उठून माझ्यापुढे बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून प्रार्थना करू लागली. गुडघ्यांसाठी मागता मागता ती दोनदा घरातल्या शांतीकडे वळली. तिला नवऱ्याचं ठाऊक असावं, एस्तेर. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते, आणि तेव्हाही मनात आलं ते हेच, की किती सुंदर प्रार्थना करते ही मेली.

गुडघे दुखतातच. मत्सरही जागचा हललेला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा माझी पाळी येईल, तोवर माझ्यासाठी रोज प्रार्थना कर. कशासाठी, ते तुला आता माहीत आहे. तुमच्या मंडळीत मात्र गुडघेच सांग.

अजून तरी तोंड मिटून बसलेली,
तुझी ताई,
सलोमी