जावेच्या हातातलं बटण

आबा, मी तुमची धाकटी. मला शाळेत घातलं नाहीत, म्हणून हे नातीकडून लिहून घेतेय. ती माझं बोलणं धुऊन-पुसून मांडते. परकं वाटलं तर तिला रागवा.

विहिरीवरच्या मोटारीला आता रिमोट आहे. ओट्यावर बसून बटण दाबलं की पाणी सुरू. बांधापलीकडच्या धाकट्या जावेनंही त्याच दुकानातून तसलाच आणला. एकदा मी दाबलं, तर तिची मोटार चालू! मी ओरडले, "तुझी मोटार बी माझंच ऐकायली गं!" सकाळी लाईट आली की दोघी एकदम दाबायचो, तेव्हा मात्र एकीचीही चालू व्हायची नाही. नात म्हणाली, "आज्जी, दोन्ही रिमोट एकाच लहरीवर हायेत. दोघी एकदम बोललात की मोटारीच्या डब्याला कुणाचंच कळत न्हाई." आम्ही हसण्यावारी नेलं.

परवा पंप अडकला. मुलगा विहिरीतल्या कट्ट्यावर उतरला, झाकण खोलून पंख्यात बोटं घातली. मी काठावर, रिमोट मांडीत. म्हटलं, "फ्यूज काढलास का रं?"

"रिमोट तुझ्याकडं हाय की. चालू कोण करायलंय?"

तेवढ्यात जाऊ आपला रिमोट घेऊन बाहेर आली. मी हातवारे केले, ओरडले. वारा उलटा. तिला वाटलं, अक्का चेष्टा करायलीय. हसून तिनं रिमोट वर धरला. मुलाला हाक मारली तर तो "काय?" म्हणून वर बघतोय, बोटं तिथंच.

आणि मला पूर्ण्याच्या स्टेशनातली तुमची केबिन दिसते. मी भाकरी घेऊन आलेय, सिग्नलच्या एका दांड्याला हात लावलाय, आणि तुम्ही मनगटावर फाडकन मारता. "रुळावर कोण हाय ते दिसायलंय का तुला? मग हात लावायचा न्हाई!" पुढं ठेचा मात्र सगळा खाल्लात. तो मार इतका मुरलाय की घरातला दिवा लावतानाही मी आधी इकडंतिकडं बघते. पण आबा, त्या वेळी हात न लावून चालणार नव्हतं. वरचं बटण चालूचं, खालचं बंदचं. खालचं दाबलं आणि अंगठा उचललाच नाही. ती दाबतेय, मीही दाबतेय. मोटार गप्प. "बोटं काढ, मुडद्या!" त्यानं काढली. तेव्हा कुठं माझा अंगठा सैल पडला. ती अजून दाबतच होती. मोटार घरघरली आणि उघडा पंखा गरगर फिरला. मुलगा भिंतीला टेकला.

जाऊ रडरड रडली. "अक्का, मला काय ठावं?"

मुलगा रिमोटची लहर बदलून आणतो म्हणतो, पण कापूस वेचून झाल्यावर. पंप अजून धड नाही, तो रोज उतरतो. आता फ्यूज काढतो म्हणे. मी विश्वास ठेवत नाही. रोज जावेकडं चहाला जाते, आणि येताना तिच्या रिमोटचा सेल माझ्या चंचीत असतो. ती बिचारी नवा घालते अन् दुकानदाराला शिव्या देते.

नात लिहिता लिहिता थांबून माझ्याकडं बघायलीय. म्हणून हा कागद कुठंच जायचा नाही, तुमच्याकडंही नाही. आणि खरं सांगू? जावेच्या हातचा चहा मला मुळीच आवडत नाही.